क्ष-किरणांची उधळपट्टी आणि आजारी मुलें

जी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं ती नाहींच असें मानून चालण्याची मनुष्याची जुनी खोड आहे. औषधाची बाटली समोर असली म्हणजे दिवसांतून किती चमचे द्यावयाचे हें आपण चारचारदां विचारतों. इंजेक्शनाची सुई दिसली म्हणजे मूल रडतें आणि आईच्या काळजांत धस्स होतें. परंतु त्याच मुलास सी. टी. स्कॅनच्या यंत्रांत निजविलें म्हणजे कांहीं क्षणांत सारा कारभार आटोपतो. दुखत नाहीं, खुपत नाहीं, रक्ताचा थेंब निघत नाहीं. आणि म्हणून आईबापांस, नातलगांस व दुर्दैवानें कित्येक डॉक्टरांसहि, त्या क्षणांत मुलाला कांहीं देण्यांत आलें याची जाणीवच होत नाहीं. वास्तविक त्याला किरणांची एक मात्रा देण्यांत आलेली असते. ही मात्रा किती होती, तेवढीच हवी होती काय, आणि ती न देतां काम भागलें असतें काय, हे तीन प्रश्न विचारण्याचा प्रघात आपल्याकडे नाहीं. तो पडला पाहिजे, आणि कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांपासून पडला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. क्ष-किरणांविरुद्ध ओरड करण्याचा आमचा हेतु नाहीं. रंट्जेन यानें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं या किरणांचा शोध लावला, आणि हौन्सफील्ड याच्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडन येथें पहिल्या रोग्याचा मेंदू आडव्या छेदांत दाखविला, या दोन दिवसांचे मानवजातीवरील उपकार फिटण्यासारखे नाहींत. कर्करोग कोठें आहे, किती पसरला आहे, औषधानें मागें हटत आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून उपचार करणें म्हणजे अंधारांत तलवार फिरविणें होय. जो स्कॅन हवा तो हवाच. तो टाळणें हा मुलावर अन्याय होईल. आमचा वाद आहे तो नको असलेल्या स्कॅनशीं, आणि हव्या असलेल्या स्कॅनांत विनाकारण ओतल्या जाणाऱ्या जास्तीच्या मात्रेशीं. मिठावांचून स्वयंपाक होत नाहीं हें खरें. पण म्हणून कोणी मीठ मुठीनें घालीत नाहीं.

ही उधळपट्टी होते कशी, हें पाहण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आमचें मलकापूर घ्या. नळगंगेच्या कांठचें, कापसाच्या बाजाराचें, भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचें हें वऱ्हाडांतील तालुक्याचें गांव. येथून मुंबई सुमारें पांचशें किलोमीटर आणि नागपूर तीनशेंहून अधिक. मोताळा किंवा नांदुरा तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचें पोट फुगूं लागलें, अगर त्याच्या मानेंत गांठी आल्या, म्हणजे त्याचा पुढील प्रवास कसा होतो, हें येथील कोणत्याहि जुन्या डॉक्टरास तोंडपाठ असतें. खेड्यांतून मलकापुरास; मलकापुराहून बुलढाणा, अकोला अगर जळगांव येथें; तेथून नागपुरास, किंवा १९४१ सालीं परळ येथें उघडलेल्या टाटा रुग्णालयांत. प्रत्येक मुक्कामीं नवा कागद आणि पुष्कळदां नवा स्कॅन. पहिल्या स्कॅनची तबकडी बापाच्या पिशवींत असते. पण ती दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर उघडत नाहीं, किंवा फिल्म घडी पडून खराब झालेली असते, किंवा पहिल्या ठिकाणीं पोटाचा जो भाग पाहावयास हवा होता तोच सुटलेला असतो, किंवा नुसतें “आमच्या येथलाच स्कॅन पाहिजे” एवढें सांगितलें जातें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा! एका महिन्यांत त्याच कोंवळ्या पोटावरून तीनदां किरण फिरावेत, याचें येथें कोणास नवल वाटत नाहीं. बापास वाटतें तें खर्चाचें दुःख. किरणांचाहि खर्च झाला आणि तो मुलाच्या खातीं मांडला गेला, हें त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें.

मोठ्या माणसाची आणि मुलाची गोष्ट एक नव्हे, याचीं कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं, मुलाचें शरीर वाढत असतें. त्याच्या पेशी वेगानें विभागत असतात, आणि विभागणाऱ्या पेशीस किरणांची इजा अधिक सहज होते. दुसरें, त्याच्यापुढें आयुष्य मोठें असतें. किरणांनीं केलेली इजा कर्करोगाच्या रूपानें फळास येण्यास वर्षें, कधीं कधीं दशकें लागतात. सत्तर वर्षांच्या आजोबांस तेवढी मुदत मिळत नाहीं, सात वर्षांच्या नातवास ती भरपूर मिळते. तिसरें कारण निव्वळ मापाचें आहे. प्रौढाच्या देहांत बाहेरचे थर बरेच किरण शोषून घेतात व आंतील अवयवांस थोडा आडोसा मिळतो. मुलाच्या लहान देहांत तसा आडोसा नसतो. म्हणून बापासाठीं जुळविलेल्या यंत्रांत मुलास निजविलें तर मुलाच्या यकृतास, आंतड्यास व अस्थिमज्जेस बापाहून अधिक मात्रा मिळते. आणि त्यामुळें चित्र रोगाविषयीं अधिक कांहीं सांगतें असेंहि नाहीं. बापाच्या मापाचा सदरा मुलास घातला तर लोक हंसतात. बापाच्या मापाची किरणमात्रा दिली तर कोणी हंसत नाहीं, कारण ती कोणास दिसत नाहीं.

या मात्रांची थोडी कल्पना वाचकांस असावी. मातींतून, अन्नांतून, हवेंतून व आकाशांतून प्रत्येक मनुष्यास किरण मिळतच असतात. जगाची सरासरी वर्षाकाठीं सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट धरतात. छातीच्या एका साध्या क्ष-किरण फिल्मेंत मिळणारी मात्रा निसर्गाकडून थोड्या दिवसांत मिळणाऱ्या मात्रेएवढी असते. तीच छाती सी. टी. यंत्रांतून पाहिली तर मात्रा शंभर पट वा त्याहूनहि अधिक होऊं शकते. सोनोग्राफींत आणि एम. आर. आय. मध्यें हे किरण मुळींच नसतात. पहिलींत ध्वनीच्या लहरी असतात, दुसऱ्यांत चुंबक असतो. ‘फोटो काढला’ या एकाच शब्दांत आपण या चारहि गोष्टी कोंबतों, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

हे कोणाच्या कल्पनेचे खेळ नव्हेत. १९५६ सालीं ॲलिस स्ट्यूअर्ट या इंग्रज डॉक्टरीणबाईंनीं असें दाखविलें कीं, आईच्या पोटांत असतांना ज्यांच्यावर क्ष-किरण पडले त्या मुलांत कर्करोगानें मृत्यु येण्याचें प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आहे. वैद्यकीच्या धंद्यांतील पुढाऱ्यांनीं त्यांच्यावर अविश्वास दाखविला, आणि गर्भवतीच्या पोटावर किरण सोडण्याची चाल मोडावयास त्यानंतरहि कित्येक वर्षें लागलीं. २०१२ सालीं ब्रिटनमधील पावणेदोन लाखांहून अधिक मुलांच्या व तरुणांच्या नोंदी तपासण्यांत आल्या. अनेक स्कॅन मिळून अस्थिमज्जेस सुमारें ५० मिलिग्रे मात्रा पोंचलेल्यांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ तिपटीवर गेलेला दिसला. पुढील वर्षीं ऑस्ट्रेलियांतून असें प्रसिद्ध झालें कीं, बालपणीं अगर कुमारवयांत सी. टी. स्कॅन झालेल्या ६ लाख ८० हजार व्यक्तींत कर्करोगाचें प्रमाण इतरांहून २४ टक्के अधिक होतें. यावर शंकाकारांनीं म्हटलें कीं, ज्यांना रोगाची सुरुवात झाली होती त्यांचेच स्कॅन अधिक झाले असतील. तेव्हां दोष किरणांचा कशावरून? शंका रास्त होती. तिला उत्तर देण्यासाठीं युरोपांतील नऊ देशांनीं मिळून ९ लाख ४८ हजारांहून अधिक मुलांचा व तरुणांचा पाठपुरावा केला, स्कॅननंतरचीं पहिलीं कांहीं वर्षें हिशेबांतून वगळलीं, आणि २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: मात्रा वाढते तसा रक्ताच्या कर्करोगांचा धोका वाढतो. आजकालच्या सुमारें ८ मिलिग्रेच्या एका स्कॅननंतरच्या बारा वर्षांत दर दहा हजार मुलांमागें एका-दोघांना त्या स्कॅनमुळें असा रोग होईल, असा त्यांचा अंदाज आहे.

या आंकड्याचा अर्थ दोन्ही बाजूंनीं नीट लावला पाहिजे. दहा हजारांत एक-दोन म्हणजे एकट्या मुलाच्या दृष्टीनें धोका फारच लहान आहे, आणि हवा असलेला स्कॅन या भीतीनें नाकारणारा बाप मुलाचा घात करील. पण हा हिशेब एका स्कॅनचा आहे. आणि ज्यांना पूर्वीं कर्करोग नव्हता अशा मुलांचा आहे. कर्करोग झालेल्या मुलाचा स्कॅन एक नसतो. निदानाच्या वेळीं एक, दोन-तीन औषधपाळ्यांनंतर एक, उपचार संपतांना एक, आणि पुढें वर्षानुवर्षें ‘पाळत’ म्हणून दर तीन किंवा सहा महिन्यांनीं एक. त्यांत वर सांगितलेल्या मुक्कामांवरच्या पुनरावृत्तीची भर. थेंबे थेंबे तळें सांचतें, ही म्हण आपण पोस्टांतल्या बचतीसाठीं वापरतों. मुलाच्या शरीरांत तें तळें सांचत असतां आपला हिशेब कोठें आहे?

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप सर्वांत जोराचा वाटतो आणि सर्वांत क्रूर आहे. “ज्या मुलाला कर्करोगच झाला आहे, त्याला वीस वर्षांनीं दुसरा होईल काय याची चिंता आज कशाला?” या प्रश्नाच्या पोटांत एक न बोललेलें गृहीत आहे: हें मूल वीस वर्षें जगणार नाहीं. तें गृहीत आतां खोटें ठरलें आहे. संपन्न देशांत कर्करोग झालेल्या दर शंभर मुलांपैकीं ऐंशींहून अधिक बरीं होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं बालकर्करोगाची मोहीम हातीं घेऊन, २०३० पर्यंत साऱ्या जगांत निदान ६० टक्के मुलें वांचलीं पाहिजेत असें उद्दिष्ट ठरविलें. म्हणजे ज्याच्याविषयीं आपण बोलतों तें मूल शाळेंत परत जाणारें, लग्न करणारें, म्हातारें होणारें मूल आहे. ज्यानें तें मरणारच अशी मनाची तयारी करून ठेवली आहे, त्यालाच त्याच्या उद्यांचा हिशेब निरर्थक वाटेल. वैद्यकानें त्याला आयुष्य परत मिळवून द्यावें आणि त्याच वैद्यकाच्या दुसऱ्या खोलींत त्या आयुष्याला विनाकारण कीड लावावी, ही विसंगति कोणास पटेल?

याच आक्षेपाचें दुसरें रूप असें: “या मुलांना उपचार म्हणून हजारों मिलिग्रे किरण देतात, तेथें स्कॅनच्या पांच-दहांचें काय मोठें?” यास उत्तर असें कीं, उपचाराचे किरण ठराविक जागीं, मोजून, लिहून, रोग मारण्यासाठीं दिलेले असतात, त्यांच्या हानीच्या बदल्यांत जीव मिळतो. निरर्थक स्कॅनच्या बदल्यांत कांहींच मिळत नाहीं. शिवाय ज्या डॉक्टरांच्या नांवावर हा आक्षेप घेतला जातो, ते स्वतःच उपचाराचे किरण कमी करण्यासाठीं झटत आहेत. हॉज्किनच्या रोगांत छातीवर किरण घेतलेल्या मुलींना पुढें स्तनाचा कर्करोग होतो असें आढळल्यापासून, औषधांनीं रोग झपाट्यानें हटत असेल तेथें किरण कमी करण्याची किंवा अजिबात गाळण्याची पद्धति पडत चालली आहे. जे हात हजारांत काटकसर करतात, त्यांच्याच शेजारीं दहांची उधळपट्टी चालूं देण्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. आणि ज्या मुलांना उपचाराचे किरण मिळतच नाहींत, केवळ औषधांवर जीं बरीं होतात, त्यांच्या बाबतींत तर हा आक्षेप लागूहि पडत नाहीं.

दुसरा आक्षेप पाळतीचा आहे. “रोग उलटला तर लवकर कळावा म्हणून वारंवार स्कॅन करावा.” ऐकतांना हें इतकें शहाणपणाचें वाटतें कीं, त्यास पुरावा मागण्याचें कोणास सुचत नाहीं. पुरावा मागितला तेव्हां काय दिसलें? मुलांच्या मूत्रपिंडांत होणाऱ्या विल्म्सच्या गांठीविषयीं २०१८ सालीं अमेरिकेंत झालेल्या अभ्यासांत, रोग उलटल्याचें सी. टी. स्कॅननें कळलेलीं मुलें आणि साध्या क्ष-किरण फिल्मेनें अगर सोनोग्राफीनें कळलेलीं मुलें, यांच्या पुढील जगण्यांत फरक आढळला नाहीं. हॉज्किनच्या रोगांतहि उलटलेला रोग बहुधा मुलाच्या तक्रारींवरून, डॉक्टरांच्या बोटांना लागलेल्या गांठीवरून किंवा रक्ताच्या तपासणीवरून कळतो. तक्रार नसलेल्या मुलाचा नेमानें केलेला स्कॅन त्यांत क्वचितच भर घालतो. पाळत नको असें याचा अर्थ नव्हे; पाळत हवीच. पण कोणत्या साधनानें, किती वेळां आणि किती वर्षें, हें रोगागणिक ठरलें पाहिजे. दाराशीं राखण हवी म्हणून कोणी तोफ आणून उभी करीत नाहीं.

कांहीं मुलांच्या बाबतींत तर ही निवड जन्मतःच ठरलेली असते. डोळ्याच्या पडद्याचा जो कर्करोग रेटिनोब्लास्टोमा या नांवानें ओळखला जातो, त्याच्या आनुवंशिक प्रकारांत मुलाच्या प्रत्येक पेशींतील एक संरक्षक जनुक आधींच बिघडलेलें असतें. अशा मुलांवर किरण पडले म्हणजे दुसऱ्या कर्करोगाचा धोका इतरांहून पुष्कळच वाढतो. म्हणून तेथें सी. टी. टाळून एम. आर. आय. करावा, हा जाणत्यांचा नियम आहे. हा नियम परळच्या रुग्णालयांत माहीत असून भागत नाहीं. मुलाच्या डोळ्यांत पांढरी झांक दिसल्याबरोबर ज्या तालुक्याच्या गांवीं त्यास प्रथम आणलें जातें, तेथें तो माहीत पाहिजे.

तिसरा आक्षेप साधनांचा: “एम. आर. आय. महाग, वेळखाऊ, लहान मूल तींत निश्चल पडून राहत नाहीं, त्यास भूल द्यावी लागते.” यांत तथ्य आहे, आणि भुलेचाहि धोका असतो हें आम्ही नाकारीत नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें २२ मुलांवर व तरुणांवर असा प्रयोग झाला कीं, लोहाचे सूक्ष्म कण असलेलें औषध टोंचून साऱ्या शरीराचा एम. आर. आय. काढला व त्याची तुलना नेहमींच्या पेट-सी. टी. शीं केली. रोग किती पसरला हें सांगण्यांत दोन्ही तोडीस तोड ठरले, पेट-सी. टी. ची सरासरी मात्रा १२.५ मिलिसीव्हर्ट होती, म्हणजे निसर्गाकडून पांच वर्षांत मिळते तेवढी, दुसऱ्याची शून्य. त्या लोहयुक्त औषधाची क्वचित् तीव्र ॲलर्जी येते, आणि असें यंत्र व तें वाचणारा तज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्यांत मिळत नाहीं, हेंहि खरें. परंतु आमची मागणी स्टॅनफर्ड मलकापुरास आणा अशी नाहीं. जें हातांत आहे तें नीट वापरा, एवढीच आहे.

आणि हातांत पुष्कळ आहे. पोटाच्या गांठीसाठीं पहिलें साधन सोनोग्राफी. ती आतां तालुक्या-तालुक्यांत आहे. सी. टी. करणें भागच असेल तर यंत्रांतील विद्युत्प्रवाह निम्मा केला म्हणजे मात्राहि निम्मी होते; चित्र थोडें दाणेदार दिसतें, पण लहान देहांत तेवढ्यानें निदान अडत नाहीं. विजेचा दाबहि मुलाच्या आकारमानाप्रमाणें उतरवितां येतो. पोटाचा प्रश्न असेल तर छातीपासून मांडीपर्यंत सारें शरीर खरडून काढण्याचें कारण नाहीं. औषध टोंचण्यापूर्वीं एकदां, टोंचल्यावर एकदां आणि उशिरां एकदां असे तीन फेरे प्रौढांत कधीं लागतात. मुलांत बहुधा एक पुरतो, आणि तीन केले तर मात्रा तिप्पट होते. यांपैकीं एकाहि गोष्टीस नवें यंत्र लागत नाहीं. लागतो तो फक्त मुलाच्या वजनाचा कांटा आणि दोन मिनिटांचा विचार. तो विचार होत नाहीं, ही तक्रार आमच्याच देशाची नाहीं. २००१ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनींच तेथील यंत्रें मुलांसाठीं निराळीं जुळविलीं जात नाहींत असें उघड केलें. मात्र त्यांनीं तें झांकून ठेवलें नाहीं. २००८ सालीं तेथील वैद्यक-संस्थांनीं एकत्र येऊन ‘इमेज जेंटली’ म्हणजे ‘हळुवार चित्र घ्या’ या नांवाची चळवळ काढली व मुलांच्या मापाचे तक्ते सर्वांस खुले केले. ते तक्ते घेण्यास आपल्याला कोणी मनाई केलेली नाहीं.

“आमच्या लहान गांवांत हें लिहिणें-ठेवणें कोण करणार?” असें म्हणणाऱ्यांस आम्ही आपल्याच प्रांताचें एक उदाहरण देतों. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा देशांत प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला, आणि १९९४ च्या कायद्यानें तो साऱ्या देशास लागू झाला. आज कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं जा. सोनोग्राफीच्या दारावर पाटी आहे, आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘फ’ नमुना भरला जातो. तो न भरल्यास डॉक्टर कोर्टाची पायरी चढतो. म्हणजे ज्या यंत्रापासून शरीरास अपाय नाहीं, त्याच्या प्रत्येक वापराची नोंद ठेवण्यास आपण लहानांतल्या लहान दवाखान्यास शिकविलें; आणि ज्या यंत्रांतून मुलाच्या मज्जेंत किरण जातात, त्याच्या रिपोर्टावर मात्रेचा एक आंकडाहि सहसा आढळत नाहीं! मौज ही कीं, हा आंकडा कोणास मोजावा लागत नाहीं. प्रत्येक स्कॅननंतर यंत्र स्वतःच तो पडद्यावर दाखवितें. काम उरतें तें फक्त उतरून घेण्याचें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत एका रुग्णालयांत दोनशेंहून अधिक रोग्यांस दीड वर्ष आठपट मात्रा जात होती आणि रोग्यांचे केस गळूं लागेपर्यंत कोणास पत्ता नव्हता. तेव्हां २०१० सालीं तेथें कायदाच झाला कीं, सी. टी. च्या रिपोर्टांत मात्रा लिहावीच लागेल. युरोपानें २०१३ च्या आज्ञापत्रानें तेंच केलें. आपल्याकडे १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, आणि २००४ च्या नियमांनीं सी. टी. यंत्र परवान्याखालीं आणलें. यंत्राची नोंद झाली. आतां त्या यंत्राखालीं निजणाऱ्या मुलाची नोंद व्हावी.

एक अप्रिय गोष्टहि बोलली पाहिजे. स्कॅनच्या चिठ्ठीमागें दलाली असते, ही कुजबूज गांवोगांव आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं अशी दलाली निषिद्ध ठरविली, आणि २०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें ती गुन्हा ठरविणाऱ्या कायद्याचा मसुदाहि करविला. रोग नसता तर औषधाचा हा विचार शासनास करावा लागला नसता. प्रौढ माणसाच्या बाबतींत ही लबाडी पैशाची चोरी असते. मुलाच्या बाबतींत ती त्याच्या आयुष्याची चोरी होते. पण सारा दोष डॉक्टरांच्या माथीं मारून सुशिक्षित वाचकांनीं मोकळें होऊं नये. डोकें दुखलें कीं “एकदां स्कॅन करूनच टाका” असा आग्रह धरणारे आपणच. स्कॅन न सांगणारा डॉक्टर जुन्या वळणाचा, आणि चार चाचण्या लिहून देणारा हुशार, ही परीक्षाहि आपलीच. मुलास बोटांनीं तपासून “आज स्कॅन नको, महिन्यानें पाहूं” म्हणणाऱ्या डॉक्टरास अधिक विद्या आणि अधिक धैर्य लागतें; त्याची फी देतांना मात्र आपल्याला फसल्यासारखें वाटतें.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. मुलाच्या प्रत्येक सी. टी. रिपोर्टावर किरणमात्रा लिहिली जावी. प्रत्येक केंद्रांत मुलांच्या वजनाप्रमाणें यंत्र जुळविण्याचा तक्ता भिंतीवर असावा आणि परवाना देतांना व नवा करतांना तो पाहिला जावा. मुलाची चित्रें मुलाच्या आधीं पुढील रुग्णालयांत पोंचावीं. २०१२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्यें देशांतील कर्करोगाचीं रुग्णालयें एकत्र आलींच आहेत, त्यांना मलकापूर-बुलढाण्यासारख्या ठिकाणचीं केंद्रें या एका कामापुरतीं तरी जोडून घेतां येतील. आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांतून जेथें शासन पैसे मोजतें, तेथें कागदांत हा एक रकाना घालून तो रिकामा असल्यास बिल परत करावें. पैसा अडला म्हणजे लेखणी चालूं लागते, हा अनुभव सर्वांचा आहे.

हें होईपर्यंत वाचकांना स्वतः करण्यासारखें बरेंच आहे. ज्यांच्या घरीं असा प्रसंग नाहीं, त्यांच्या शेजारीं, नात्यांत, अगर घरीं कामास येणाऱ्या बाईच्या कुटुंबांत तो केव्हां ना केव्हां येतो. आणि खेड्यांतला माणूस मुंबईच्या गाडींत बसण्यापूर्वीं गांवांतल्या शिकलेल्या माणसाचा सल्ला घेतो. त्याला सांगावें कीं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता जसा जपून ठेवतोस, तशी प्रत्येक फिल्म व तबकडी एका पिशवींत, तारीखवार, सपाट ठेव. एका वहींत कोणता स्कॅन, कोठें, कधीं आणि मात्रा किती, हें लिहून घे. आणि नव्या स्कॅनची चिठ्ठी हातीं आली म्हणजे हात जोडूनच, पण स्पष्ट विचार: “डॉक्टरसाहेब, यानें उपचारांत काय बदलेल? आधींच्या स्कॅनवर भागणार नाहीं काय? सोनोग्राफीनें किंवा एम. आर. आय. नें होणार नाहीं काय? आणि यंत्र मुलाच्या मापानें लावाल ना?” चांगल्या डॉक्टरास या प्रश्नांचा राग येत नाहीं. तो उत्तर देईल कीं हा स्कॅन हवाच. मग क्षणभरहि न कचरतां मुलास यंत्रावर निजवावें.

ज्या मुलानें अजून बाराखडी पुरी केलेली नाहीं, त्याच्या शरीरांत काय चाललें आहे हें पाहण्याचा अधिकार आपण त्याला न विचारतां घेतों. त्या अधिकाराबरोबर हिशेब ठेवण्याचें कर्तव्यहि येतें, आणि हा हिशेब घेणारा आज आपल्यापुढें अंथरुणावर पडलेला असला तरी तीस वर्षांनीं तो उभा राहून विचारूं शकेल अशीच आपली सर्वांची इच्छा आहे. त्या वेळीं त्याला दाखविण्यासाठीं एक भरलेली वही तरी आपल्यापाशीं असावी.